नाव घातलेलं भांडं

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी माळावर दाट धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा पूर्वेचा, बोचरा.

"मग पासवर्ड केव्हा देणार, बुवा?"

केशवगिरी बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भांडी घासलीस?"

उमाकांत हसला. हा प्रश्न आणि हे उत्तर, तीन वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, बुवा थट्टा करतात. दुसऱ्या वर्षी वाटलं, टाळतात. आता त्यानं विचार करणंच सोडलं होतं. जुन्या माणसांची एक बोलायची ढब असते, म्हणून तो ऐकून घ्यायचा.

उमाकांत तारदाळे इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत संगणक सांभाळायचा. सुट्टीला मोटारसायकल काढून दूधगंगेच्या अलीकडच्या माळावर, या मठात यायचा. संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची पहिली अक्षरं त्यानं इथल्याच ओसरीवर, बुवांच्या शेजारी बसून गिरवली होती. आता तो बुवांच्या चार पावलं पुढे होता. हे त्याला ठाऊक होतं, बुवांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच पासवर्ड न मिळणं त्याला लागायचं. पुढे गेलेल्याच्या हाती किल्ली का नाही?

किल्ली म्हणजे पासवर्ड. बुवांच्या संगणकात काही नवीन बसवायचं किंवा जुनं काढायचं, तर तो टाकल्याशिवाय पान हलत नसे.

बुवांचं आयुष्य दूरध्वनी खात्यात तारा जोडण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर ते वडिलांच्या गादीवर, म्हणजे या मठात, येऊन बसले. येताना खात्यातला एक म्हातारा संगणक घेऊन आले. त्याला दुसरं काही पेलेना, म्हणून त्यात लिनक्स घातलं. लोक विचारत, "बुवा, गोसाव्याला संगणक कशाला?"

"फोटो ठेवायला," बुवा म्हणत.

मठाची एक रीत होती. जो माणूस पहिल्यांदा इथं जेवायला बसेल, त्याचा फोटो काढायचा. पुढ्यात पान, हातात घास, तसाच. मग संगणकात त्या चेहऱ्याखाली त्याचं नाव लिहायचं. पुढे दर भंडाऱ्याच्या पंगतीतही त्याचे फोटो निघत. आणि पौषातल्या भंडाऱ्याला, पंगत बसण्याआधी, दोरीवर धुतलेलं धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टरनं एकेक गेलेला माणूस दाखवायचा. नाव पुकारायचं. नाव पुकारलं, की त्याच्या नावाचं एक पान वाढलं जाई. मग जिवंत माणसांनी जेवायचं.

यंदाचा भंडारा परवा, रविवारी होता.

"फोटोंचा जुना प्रोग्रॅम रविवारी दगा देणार, बुवा," उमाकांत म्हणाला. "तो बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलाय. आपण मध्ये लिनक्स नवं केलं, तेव्हापासून तो उघडतो आणि मधेच मिटतो. भर पंगतीत मिटला तर?"

"तर थांबू."

"शंभर माणसं पानावर थांबवणार?"

बुवांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"मी नवा आणलाय. तो चेहरे स्वतःच ओळखतो."

"माणूस ओळखतो?"

"चेहरा ओळखतो, बुवा."

"बरं."

बुवा संगणकाशी सरकले. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी शेजारचा पितळी तांब्या उचलला. दोन घोट पाणी प्यायले. मग तांब्या आडवा धरून त्याचं बूड पंच्यानं पुसलं, सावकाश, जणू देवाचं भांडं. कीबोर्डवर थेंब पडू नये म्हणून असेल. तांब्या बाजूला ठेवला. मग टाइप केलं.

उमाकांतनं रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं होतं.

जुना प्रोग्रॅम निघाला. नवा बसला. सगळं मिळून चहा होईपर्यंतचं काम. नवा प्रोग्रॅम मठाचे सगळे फोटो एकेक करून पाहू लागला, आणि ते पाहणं दुपारभर चाललं. उमाकांत ओसरीच्या कडेवर बसून शेंगा फोडत राहिला. मनातल्या मनात तो रविवारची पंगत पाहत होता. धोतरावर झरझर चेहरे येताहेत... लोक विचारताहेत, हे कुणी केलं...

ऊन उतरलं. उमाकांत उठून पुन्हा संगणकापुढे बसला. नव्याचं पाहणं संपत आलं होतं.

तेवढ्यात त्याला आठवलं, जुन्याचा केरकचरा अजून तसाच आहे. प्रोग्रॅम काढला, तरी त्याचा एक फोल्डर मागं राहतो. लिनक्समध्ये फोल्डरच्या नावाआधी टिंब दिलं, की तो नजरेआड होतो. असतो, पण दिसत नाही. उमाकांतला असलं राहिलेलं आवडत नसे. गिरणीत त्याची ख्याती होती, तारदाळेंनी यंत्र झाडलं की सुईसुद्धा सापडायची नाही.

हा केर काढायला पासवर्डही लागत नव्हता. त्यानं आज्ञा लिहिली. आता फक्त एक कळ दाबायची.

"काय करतोस?" दाराशी बुवा उभे होते. हातात निरांजन.

"जुन्याचं राहिलेलं झाडून टाकतो."

"बाहेर बघ."

उमाकांतनं बाहेर पाहिलं. आभाळ तांबूस. गुरं परतत होती.

"तिन्हीसांज झाली," बुवा म्हणाले. "आता केर काढायचा नाही."

"बुवा, हा संगणकातला केर."

"घरात आहे ना संगणक?"

उमाकांतला हसू आलं. त्याची आजीही असंच म्हणायची. दिवेलागणीला केर काढला तर लक्ष्मी बाहेर जाते. आणि शुक्रवारी तर नाहीच. शिकलेसवरलेले बुवा, टेलिफोनच्या तारा जोडलेले... पण निरांजन हातात घेतलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? त्यानं लिहिलेली आज्ञा पुसून टाकली.

"सकाळी काढतो मग."

"सकाळी काढ."

बुवा देवघराकडे वळले. उमाकांतनं नवा प्रोग्रॅम पुढे घेतला. पाहणं संपलं होतं. पडद्यावर चेहरे दाटीनं उभे राहिले. एका माणसाचे सगळे फोटो एका ठिकाणी, नीट लावलेले. तरुणपणीचा, मग मिशा पिकलेला, मग टक्कल पडलेला, तरी एकच माणूस. उमाकांतचा ऊर भरून आला.

मग त्यानं चेहऱ्यांखाली पाहिलं.

प्रत्येकाखाली एकच शब्द होता. अनोळखी.

अनोळखी... अनोळखी... अनोळखी...

आरती आटोपून बुवा आले. शेजारी बसले. बराच वेळ पडदा पाहत राहिले.

"हे दोघं एकच, एवढं त्याला कळतं?"

"हो."

"पण कोण, ते कळत नाही."

"...नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच झालं त्याचं," बुवा म्हणाले.

उमाकांतला हसता आलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून बुवांना नावं आठवेनाशी झाली होती. समोरचा माणूस ओळखीचा, त्याच्या घरात किती गुरं तेही ठाऊक, आणि नाव मात्र गेलेलं. तोंडं राहतात, नावं उडतात, असं ते स्वतःच सांगायचे. वर्षानुवर्षं त्यांनी एकेका चेहऱ्याखाली लिहिलेलं नाव आता त्यांच्याही जवळ नव्हतं. ते फक्त जुन्या प्रोग्रॅमजवळ होतं. त्या टिंबाच्या फोल्डरात.

जो तो झाडून टाकणार होता.

त्यानं तो फोल्डर आहे की नाही, ते आधी पाहिलं. होता. मग नव्याला तो फोल्डर दाखवला. नव्याला त्यातलं काही वाचता येईना. जुना आपली नावं आपल्या भाषेत लिहून गेला होता आणि नव्याची भाषा वेगळी होती.

"हातानं लिहू," उमाकांत म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो." त्यानं पहिला चेहरा समोर आणला. "हा कोण?"

बुवांनी पाहिलं. डोळे बारीक केले. "ह्याच्या बैलाचं शिंग मोडलं होतं," ते म्हणाले. "बायको ह्याची बोरगावची..."

"नाव, बुवा?"

वाऱ्यानं दार किरकिरलं.

"सकाळी भांडी काढायची आहेत भंडाऱ्याची," बुवा उठत म्हणाले. "शेवंता एकटी आहे."

११ जानेवारी, शनिवार. धुकं कालच्यापेक्षा विरळ. थंडी तशीच.

मठामागच्या दगडी फरशीवर भांड्यांचा डोंगर झाला होता. परातीत परात, तपेल्यात तपेलं, वर ओगराळी. भंडाऱ्याला मठाची भांडी पुरत नसत, म्हणून माळाखालच्या घराघरांतून आधीच आणून मठाच्या कपाटात ठेवायची आणि भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत पोचवायची, असा नेम होता. शेवंताबाई स्वयंपाकाचं बघायची. तिनं राखेचं घमेलं आणि काथ्या उमाकांतपुढे सरकवला.

"आज काय सूर्य पच्छिमेला उगावला म्हनायचा," ती म्हणाली. "सायब भांड्याला बसलं."

"रात्री झोप नाही लागली, मावशी."

"मग घासा की. घासताना झ्वाप न्हाई येत."

उमाकांत घासू लागला. मन भांड्यात नव्हतं. गेलेली नावं त्याच्या डोक्यात घुमत होती. कुणाला विचारायचं? गावोगाव फोटो घेऊन फिरायचं म्हटलं, तरी उद्या दुपारी पंगत होती.

चुलीच्या उबेला एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. यल्लव्वा वडर, खाणीवरची. ती दर वर्षी भंडाऱ्याच्या आदल्या दिवशीच यायची. तिचा मुलगा मारुती खाणीत दरड कोसळून गेला, लग्न ठरलेलं असताना. त्याचा जगात एकच फोटो होता. या मठात, पानावर बसलेला, हातात घास.

"कोन हाय भांड्याला?" तिनं विचारलं.

"उमाकांत, आजी. संगणकवाला."

"तूच व्हय तो." म्हातारीनं आवाजाकडे तोंड वळवलं. दोन्ही डोळ्यांवर पांढुरकी साय धरल्यासारखं होतं. "माझ्या मारुतीचं नाव हाय न्हवं आत?"

उमाकांतचा हात थांबला.

"गेल्या साली दिसत हुतं थोडं. औंदा न्हाई," ती सांगत होती. "आता काय, नाव ऐकायचं. नाव ऐकलं की कळतं, आला. मग जेवती मी."

"आणि नाव नाही ऐकलं तर?"

शेवंताबाईनं त्याच्याकडे बघितलं. म्हातारीनं लसणाची पाकळी चाचपली.

"मग न्हाई जेवत," ती म्हणाली. त्यात रुसवा नव्हता. ऊन आहे, वारा आहे, तसं तिनं सांगितलं.

उमाकांत खाली मान घालून घासत राहिला. परात झाली. तपेलं झालं. राख निघाली तशी तपेल्याच्या काठाखाली अक्षरं उमटली. ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेली, बाजारात नाव घालणारा कोरतो तशी. 'कै. सोनाबाई दादू चौगुले यांचे स्मरणार्थ'.

"हे चौगुल्यांकडं जाईल," शेवंताबाई म्हणाली. तिनं ते उजवीकडे ठेवलं. पुढचं तिनं उचललं, अंगठ्यानं काठ चाचपला. "हे खोतांकडं." तेही उजवीकडे. तिसरं उचललं. फिरवून पाहिलं. काठ कोरा होता. ते डावीकडे गेलं. तिथं तसली आणखी तीन पातेली उभी होती.

"ती कुणाची?" उमाकांतनं विचारलं.

"द्येव जानं."

"म्हणजे?"

"नाव न्हाई घातल्यालं. आदी ते लाकडी कपाट हुतं न्हवं का? त्येच्या फळीवर खडूनं लिवल्यालं, ह्या फळीवर अमक्याची, त्या फळीवर तमक्याची. मग वाळवी लागली. बुवांनी लोखंडी कपाट आनलं. ब्येस कपाट हाय, दार लावलं की झुरळ आत जात न्हाई." तिनं काथ्या पिळला. "पन पातेली कुनाची, ते ह्याला काय म्हाईत? ते जुन्या कपाटाला म्हाईत हुतं. त्ये गेलं बंबात."

उमाकांत तपेल्याकडे पाहत राहिला. सोनाबाई दादू चौगुले. हे तपेलं लाकडी कपाटात होतं, आता लोखंडी कपाटात होतं, उद्या चुलीवर चढेल, परवा चौगुल्यांच्या घरी जाईल. नाव त्याच्या अंगावर होतं. कपाटाला काही लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

आणि बुवांनी घातलेली सगळी नावं...

फळीवर होती. खडूनं.

पण फळी अजून बंबात गेली नव्हती. काल तिन्हीसांज झाली होती.

तो उठला. पाण्याची बादली लवंडली.

"अवो, हात तर धुवा!" शेवंताबाई मागून ओरडली. "राखेनं बरबटल्यालं हात, आनि निघालं संगणकाला!"

बुवा ओसरीवर पोथीला नवं फडकं बांधत होते.

"बुवा, जुना परत बसवायचा."

"काल काढलेला?"

"हो."

"नवा चांगला नाही?"

"चांगला आहे. पण जुन्याला जाण्याआधी एक काम सांगायचं राहिलं." उमाकांतला धाप लागली होती. "नावं त्याच्या पोटात आहेत, फोटोंच्या अंगावर नाहीत. मी त्यालाच सांगतो, तुला ठाऊक असलेलं नाव ज्याच्या त्याच्या फोटोवर घाल. फोटोच्या फायलीतच. मग कुठल्याही कपाटात ठेवा."

बुवांनी पोथी बाजूला ठेवली. "त्याला येतं ते?"

"येतं. पहिल्यापासून येत होतं. कुणी सांगितलंच नाही."

बुवा संगणकाशी आले. तांब्या उचलला. दोन घोट पाणी. आडवा धरून बूड पंच्यानं पुसलं. सावकाश. मग टाइप केलं.

उमाकांतनं तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, आज आपण पासवर्ड मागितलाच नाही.

जुना प्रोग्रॅम आला. म्हाताऱ्या बैलासारखा उठला, अडखळला, आणि टिंबाच्या फोल्डरातलं आपलं सगळं त्याला सापडलं. चेहऱ्यांखाली नावं दिसली. उमाकांतनं आधी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली. मग आज्ञा दिली. थोडे फोटो झाले आणि प्रोग्रॅम मिटला.

पुन्हा उघडला. पुन्हा मिटला.

गिरणीत असतं तर उमाकांतनं त्याला चार शिव्या घातल्या असत्या. इथं त्यानं घातल्या नाहीत. म्हाताऱ्याला सगळं ओझं एकदम उचलत नाही, एवढंच. त्यानं एकेका वर्षाचे फोटो वेगळे घेतले. एक वर्ष दिलं. म्हाताऱ्यानं उचललं. दुसरं दिलं. तेही उचललं. मध्ये एक वर्ष मोठं होतं, ते त्यानं महिन्यामहिन्यानं दिलं.

बुवा शेजारी बसून होते. शेवंताबाईनं भाकरी आणि वांग्याची भाजी तिथंच आणून दिली. उमाकांतनं डाव्या हातानं कळा दाबत खाल्ली.

उन्हं कलली तेव्हा शेवटचं वर्ष संपलं.

आता नवा. उमाकांतनं त्याला सांगितलं, फोटो पुन्हा वाच. पहिल्यापासून.

पडदा क्षणभर कोरा झाला...

मग पहिल्या 'अनोळखी'च्या जागी अक्षरं उमटली. मग दुसऱ्या. मग ओळच्या ओळ. पेरलेल्या वाफ्यातून एका सकाळी मेथी वर यावी, तशी नावं वर येऊ लागली.

बुवा पुढे सरकले. नाक पडद्याला लागेपर्यंत. लहान मूल पाटी वाचतं, तसं बोट ठेवून वाचू लागले.

"धोंडीराम... होय रे, धोंडीराम. त्याच्याच बैलाचं शिंग. ...काशाबाई खोत. ...बाळगोंडा. अरे, बाळगोंडा! हा आंबील दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला, आता फोटो काढा, आता तोंडावर तेज आलंय." बुवा खळखळून हसले. डोळे पुसले. पुन्हा वाचू लागले.

उमाकांत शोधाच्या चौकटीत लिहीत होता. मारुती.

एक फोटो आला. उघड्या दंडाचा पोरगा, केसांत दगडाची पांढरी धूळ, हातातला घास तोंडाशी नेता नेता कुणाकडे तरी बघून हसलेला. खाली लिहिलेलं, मारुती यल्लाप्पा वडर.

"आता जुन्याला निरोप देऊ?" उमाकांतनं विचारलं.

"आज?" बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. "उद्या भंडारा आहे. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी कुणाला उपाशी घालवतोस?"

उमाकांत मान खाली घालून हसला. "राहू दे मग."

१२ जानेवारी, रविवार. आभाळ स्वच्छ. वारा पडलेला.

आमटीचा वास माळाखालपर्यंत गेला होता. गव्हाची खीर दोन तपेल्यांत रटरटत होती, त्यातलं एक सोनाबाई दादू चौगुल्यांचं. माणसं पानावर बसली. मठाच्या सभामंडपात दारं लावून अंधार केला आणि दोरीवर धोतर ताणलं.

उमाकांतनं नवा प्रोग्रॅम उघडला. बुवा पुकारणार होते. दर वर्षी ते पाठ असल्यासारखे पुकारत. या वर्षी त्यांनी चष्मा लावला आणि धोतरावर उमटलेलं वाचून पुकारलं.

"धोंडीराम आबा चव्हाण."

पान वाढलं गेलं.

"काशाबाई खोत."

पान वाढलं गेलं.

प्रोग्रॅम एकदाही थांबला नाही. चेहरे येत गेले, प्रत्येक जण नावानिशी. मागं बसलेला कुणी तरी म्हणाला, "औंदा लई भारी दिसतंय हो." उमाकांतनं ऐकलं, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. तो पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या म्हातारीकडे पाहत होता. तिचं पान वाढून तयार होतं. हात मांडीवर होते.

उघड्या दंडाचा पोरगा धोतरावर आला. हसलेला.

"मारुती यल्लाप्पा वडर," बुवांनी पुकारलं.

म्हातारीनं मान वर केली. साय धरलेले डोळे तिनं धोतराकडे नाही, आवाजाकडे लावले.

"हाय," ती म्हणाली. शाळेत पोराच्या वतीनं हजेरी द्यावी तशी.

आणि तिनं खिरीत बोट बुडवून चाखलं.

नावं संपली. दारं उघडली. उजेड आत आला आणि जिवंत माणसांची पंगत सुरू झाली. शेवंताबाईनं उमाकांतच्या हातात आमटीची, मग खिरीची बादली दिली, तेव्हा त्यानं ती मुकाट घेतली. यल्लव्वानं खीर दोनदा मागून घेतली. दुसऱ्यांदा तो वाढत असताना ती म्हणाली, "हात आखडू नको रं, संगणकवाल्या. मारुतीच्या वाटचं बी मीच खानार हाय."

माणसं पांगली. उमाकांत मागच्या फरशीवर गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भांडी घासता घासता त्यानं ती लावून ठेवली. चौगुल्यांची चौगुल्यांकडे, खोतांची खोतांकडे. कोऱ्या काठाची डावीकडे. शेवंताबाई वाळायला टाकत होती.

"झालं का सगळं?" त्यानं विचारलं.

"बुवांचा तांब्या ऱ्हायला," ती म्हणाली. "त्यो रोज शेवटालाच येतो."

उमाकांतनं तांब्या घेतला. चिंचेचा कोळ लावला, वर राख. पोट घासलं, गळा घासला. मग उलटा केला.

बुडावर काही तरी कोरलेलं होतं.

नाव घालणाऱ्याच्या यंत्रानं नव्हे. हातानं, दाभणानं, तारा जोडणाऱ्या माणसाच्या ठाम रेघांनी. कुणाचं नाव नव्हतं. इंग्रजी अक्षरं होती, मग आकडे, मध्ये एक टिंब, पुन्हा अक्षरं. रेघा झिजल्या होत्या. शेवटचं अक्षर उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नव्हतं.

उमाकांत तांब्या तिरका धरून बसून राहिला.

"काय ओ, काय झालं?" शेवंताबाईनं विचारलं. "पोचा आला व्हय?"

"...नाही, मावशी."

"रोज मी घासती त्यो. त्येच्या बुडाला काय बाय गिरगाटल्यालं हाय. बुवा म्हनत्यात, राहू दे."

उमाकांतनं तांब्या धुतला. आतबाहेर. भरला आणि बुवांच्या जागी नेऊन ठेवला. बुवा माळावरून परतणाऱ्या माणसांना हात करत उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. दिवे लागायची वेळ झाली होती, म्हणून उमाकांतनं संगणकाला हात लावला नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी. धुकं नाही, सूर्य उगवतानाच लख्ख.

उमाकांत संगणकापुढे बसला. तांब्या उचलला. दोन घोट पाणी प्यायला. आडवा धरून बूड बुवांच्या पंच्यानं पुसलं, सावकाश. बाजूला ठेवला. टाइप केलं.

जुना प्रोग्रॅम निघाला. मग त्यानं टिंबाचा फोल्डर उघडून एकदा पाहिला आणि झाडून टाकला. नवा प्रोग्रॅम उघडला. सगळे फोटो होते. सगळी नावं होती. 'अनोळखी' एकही नव्हता.

बुवा दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

उमाकांत उठून उभा राहिला. काही तरी बोलायला त्यानं तोंड उघडलं...

"राखेनं हळू घासत जा," बुवा म्हणाले. "अक्षरं झिजत आलीत."